संग्रहाची हिफाजत : क्रिकेट कार्डे, विमा आणि घरचे कपाट

खेळाडूंच्या चित्रांची कार्डे जमविणे हा आपल्याकडे मुलांचा खेळ समजला जातो. १९८० आणि १९९० च्या दशकात बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूचे चित्र मिळत असे. त्यावर धावा किंवा बळी छापलेले असत आणि मधल्या सुटीत पोरांची त्यावरून अदलाबदल आणि भांडणे चालत. ती पोरे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. कोणी शिक्षक आहे, कोणी दुकानदार, कोणी सरकारी नोकरीत. हातात चार पैसे आले, तेव्हा लहानपणी हरवलेली चित्रे ते पुन्हा शोधू लागले आहेत. त्यांची मुले मोबाईलवरून परदेशी कार्डे मागवतात. पुण्यात तर २०१२ पासून ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ नावाचे क्रिकेट वस्तूंचे खासगी संग्रहालयच उभे आहे.

या वस्तूंना किंमत किती येते, हे ऐकून आपल्यासारख्या मीटरने हिशोब करणाऱ्या माणसाला हसू येईल. मिकी मँटल या अमेरिकन बेसबॉल खेळाडूचे १९५२ सालचे टॉप्स कंपनीचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. त्या वेळच्या भावाने सुमारे १०० कोटी रुपये. जाड कागदाचा तळहाताएवढा तुकडा!

बुलढाणा जिल्ह्यात असे कार्ड कोणाकडे नाही. पण वीस हजार, पन्नास हजार, लाख-दीड लाख रुपयांचा संग्रह असलेली माणसे आहेत. कोणाकडे क्रिकेट कार्डे, कोणाकडे सही केलेली बॅट, कोणाकडे टपाल तिकिटे किंवा जुन्या नोटा. दुकानात येणाऱ्या दोघा-तिघा ग्राहकांनी मला विचारले, “शेठ, याचा विमा निघतो का?” मी विमा एजंट नाही, कापडाचा व्यापारी आहे. परंतु तीस वर्षे गोदामात माल ठेवला, आगीची व चोरीची पॉलिसी दरवर्षी नवी केली, सुरत-भिवंडीचा माल ट्रकवर विमा उतरवून आणला. कापूस आणि कागद यांची जात एकच. दोघांनाही आग, पाणी, ऊन आणि कसर चालत नाही. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. नुकसान दोन प्रकारचे असते. एक अचानक येणारे : आग, पूर, वीज, घरफोडी. दुसरे हळूहळू होणारे : ओल, कसर, वाळवी, ऊन, रंग उडणे, कागद पिवळा पडणे. विमा कंपनी पहिल्या प्रकाराचे पैसे देते, तेही अटी पाळल्या तर. दुसऱ्या प्रकाराचे पैसे कोणतीही कंपनी सहसा देत नाही. ‘ऑल रिस्क’ नावाची महागडी पॉलिसी घेतली तरी तिच्यात किडे, उंदीर, हवामानाचा परिणाम आणि वस्तूची आपोआप होणारी झीज वगळलेली असते. म्हणजे पॉलिसी काढून निश्चिंत झालो म्हणणारा अर्धाच सुरक्षित आहे. उरलेला अर्धा भाग कपाटाचा आहे.

पॉलिसीत काय लिहिले आहे

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने सर्व साधारण विमा कंपन्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी देतात. कंपनी सरकारी असो की खासगी, मूळ शब्द तेच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणे हे सर्व तिच्यात येते. इमारतीचा विमा घेतला तर घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढे संरक्षण वेगळी यादी न देता आपोआप मिळते. हे वाचून संग्राहक खूश होतो. त्याला वाटते की पलंग, फ्रीज, टीव्हीबरोबर आपली कार्डेही आली.

इथेच थांबून पुढचे पान वाचावे. आपोआप मिळणारे संरक्षण साध्या सामानाचे आहे. दागिने, चांदीची भांडी, चित्रे, कलावस्तू, दुर्मिळ वस्तू यांना पॉलिसीत ‘मौल्यवान सामान’ म्हटले असून त्यांचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. शिवाय वगळलेल्या गोष्टींच्या यादीत हस्तलिखिते, आराखडे, रेखाचित्रे, कोणत्याही प्रकारची कागदपत्रे, नाणी आणि कागदी चलन ही नावे आहेत. त्या वाक्याच्या शेवटी मात्र एक छोटी सवलत आहे : पॉलिसीत स्पष्ट नमूद केले असेल तर गोष्ट वेगळी. संग्राहकाचे सगळे भवितव्य या सवलतीवर आहे. जुन्या नोटा जमविणारा म्हणेल, ही नोट आता बाजारात चालत नाही, मग ती चलन कशी? सर्वेअर म्हणेल, कागदी चलन वगळलेले आहे. क्रिकेट कार्ड ही दुर्मिळ वस्तू, कागदपत्र की मुलांचे खेळणे, यावरही वाद होऊ शकतो. हा वाद दुर्घटनेनंतर घालण्यात अर्थ नाही. तो आधी मिटवावा. प्रस्ताव अर्जात ‘क्रिकेट कार्डांचा संग्रह, इतकी नग, सोबत यादी’ असे स्वच्छ लिहावे आणि पॉलिसीच्या कागदावर तेच शब्द छापून घ्यावेत. एजंटने तोंडी ‘हो साहेब, सगळं येतं’ म्हटले, तर त्यालाच सांगावे की मग लिहून द्या.

मौल्यवान सामानाचा विमा ‘मान्य किमती’वर निघतो. म्हणजे वस्तूची किंमत कंपनी आणि आपण आधीच ठरवतो व वस्तू संपूर्ण गेली तर ती रक्कम मिळते. पंख्याच्या जागी नवा पंखा घेता येतो, पण १९८७ सालचे चित्र नवे कोठून आणणार? म्हणून संग्रहाला हीच पद्धत योग्य. ‘भारत गृह रक्षा’मध्ये एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि प्रत्येक नगाची किंमत १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. आपल्या जिल्ह्यातील बहुतेक संग्रह या मर्यादेत बसतील. त्यापुढे दाखला हवा.

घर जुन्या माती-लाकडाच्या वाड्यात असेल तर बांधकाम जसे आहे तसे अर्जात लिहावे. पक्के आहे म्हणून ठोकून दिले, तर नंतर त्याच कारणाने दावा अडतो. आणि आणखी एक. तुम्ही कार्डे विकत असाल, दुकानाच्या काउंटरमध्ये ठेवत असाल, तर तो छंद राहिला नाही, तो व्यापाराचा माल झाला. घराची पॉलिसी धंद्याच्या मालाला पुरेल असे धरून चालू नये. त्यासाठी दुकानाची पॉलिसी वेगळी घ्यावी.

नोंदवही

आमच्या बाजारात काही वर्षांपूर्वी शॉर्टसर्किटने दोन-तीन दुकाने जळाली. सर्वेअर आले तेव्हा त्यांनी जळालेल्या ताग्यांकडे नंतर पाहिले. पहिला प्रश्न होता, स्टॉक रजिस्टर कुठे आहे? ज्याचे रजिस्टर आणि खरेदीची बिले घरी होती, त्याचे काम लवकर झाले. ज्याचे सगळे दुकानातच होते, त्याला सुरतच्या आडत्यांकडून बिलांच्या नकला मागवाव्या लागल्या आणि सहा महिने गेले.

कार्डांचे याहून कठीण आहे. खामगावच्या चांदी बाजारातील कारागीर सांगतील की चांदी आगीत सापडली तरी वितळून वजन शिल्लक राहते. कार्ड जळाले तर काय होते आणि किती होते, याचा काहीच पुरावा उरत नाही. म्हणून संग्रहाची वही हवीच. प्रत्येक नगाला क्रमांक, खेळाडूचे नाव, वर्ष, कंपनी, मालिकेतील क्रमांक, कोठून व कितीला घेतले, तारीख, बिल असल्यास त्याचा क्रमांक, आणि कोपरा दुमडलेला किंवा डाग असेल तर तोही. दोन्ही बाजूंचा फोटो. काही परदेशी कार्डे तपासणी करून कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद केलेली येतात. अमेरिकेतील पीएसए ही संस्था १९९१ पासून हे काम करते आणि १ ते १० असा दर्जा देते. अशा पेटीवर प्रमाणपत्राचा क्रमांक असतो, तो वहीत उतरवावा. चोरी झाली तर पोलिसांनाही तोच क्रमांक उपयोगी पडतो. वहीची एक प्रत आणि फोटो दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा मुलीकडे ठेवावेत. ज्या कपाटात संग्रह त्याच कपाटात वही, हे सर्वांत वाईट.

नोंद नसली की काय होते याचे उदाहरण देशासमोर आहे. हॉकीपटू बलबीरसिंग सीनियर यांनी १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकली. मेलबर्नला, म्हणजे १९५६ मध्ये, ते कर्णधार होते. १९८५ मध्ये एक क्रीडा संग्रहालय होणार म्हणून त्यांनी मेलबर्नचा कर्णधाराचा ब्लेझर, ३६ पदके आणि शंभरावर दुर्मिळ छायाचित्रे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या हवाली केली. संग्रहालय झाले नाही. २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या निमित्ताने त्या वस्तूंची आठवण निघाली, तेव्हा शोध सुरू झाला आणि अशा वस्तूंची नोंदच नाही असे उत्तर मिळाले. बलबीरसिंग २५ मे २०२० रोजी वारले. तोपर्यंत त्यांच्या वस्तू त्यांना परत मिळाल्या नव्हत्या. एवढ्या मोठ्या माणसाची अमानत, एवढी मोठी संस्था, आणि शेवटी प्रश्न कागदाचा. प्रदर्शनासाठी, शाळेच्या कार्यक्रमासाठी किंवा मित्राला दाखविण्यासाठी वस्तू दिली तरी नगवार यादीवर सही घ्यावी. समोरच्याला राग येईल म्हणून संकोच करू नये. आपण उधारीच्या ताग्यावर सही घेतोच की.

किंमत ठरविताना एक खबरदारी. इंटरनेटवर लोक कार्डाची वाटेल ती किंमत मागतात. मागितलेली किंमत हा भाव नव्हे, सौदा झालेली किंमत हा भाव. मोंढ्यात उभे राहिलेल्या माणसाला हे समजावण्याची गरज नाही. म्हणून तशाच कार्डाचे, त्याच दर्जाचे, अलीकडे झालेले दोन-तीन सौदे शोधून त्यांची छापील प्रत वहीला जोडावी. वर्षातून एकदा, पॉलिसी नवी करताना, भाव पुन्हा पाहावा. भाव खाली आला असेल तर रक्कम कमी करण्यातही कमीपणा नाही, उगाच हप्ता कशाला भरायचा?

कधी कधी तुलनेला सौदाच नसतो. खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्या नावाची अकादमी होत नाही म्हणून २०१७ मध्ये ते पदक लिलावात काढण्याची भाषा कुटुंबाला करावी लागली होती. अशा पदकाचा भाव कोण सांगणार? धातूचे वजन करून तो ठरत नाही. तेथे जाणकार मूल्यांकनकाराचा दाखला आणि कंपनीची लेखी मान्यता, हाच मार्ग.

मालिकेचा प्रश्नही विचारून ठेवावा. ५० कार्डांचा संच असेल आणि त्यातील एक गेले, तर संचाची किंमत निम्म्यावर येऊ शकते. परंतु बहुतेक पॉलिसींमध्ये ‘जोडी व संच’ असे कलम असते आणि त्यानुसार कंपनी फक्त गेलेल्या नगाच्या हिश्शाचे पैसे देते.

चोरी म्हणजे काय

‘भारत गृह रक्षा’त चोरीचे संरक्षण फार थोडे आहे. आग, पूर यांसारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी तिच्यात येते. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचे संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावे लागते. त्यातही घरफोडी या शब्दाचा अर्थ लोक समजतात तेवढा सैल नाही. २००४ मध्ये युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या व्यापारी पेढीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पॉलिसीत जबरदस्तीच्या प्रवेशाची अट असेल तर ती पाळलीच गेली पाहिजे. कुलूप तुटले नाही, कडी उचकटली नाही, दार उघडेच होते आणि माल गेला, तर ती चोरी असेल पण त्या पॉलिसीतील घरफोडी नव्हे.

आता आपल्या घरांचा विचार करा. लग्नसराईत घरात पन्नास माणसे. ईदला सकाळपासून येणे-जाणे. एखाद्याने कपाटातून दोन कार्डे खिशात घातली, तर कोणते कुलूप तुटले? म्हणून कपाटाला स्वतःचे कुलूप हवे, किल्ली एकाकडे हवी. उन्हाळ्याच्या सुटीत घर किती दिवस सलग बंद राहिले तर संरक्षण थांबते, हेही पॉलिसीत पाहून ठेवावे.

कुलपाबाबत एक जुनी हकीगत सांगण्यासारखी आहे. फुटबॉलचा मूळ विश्वचषक, ज्याला जूल्स रिमे चषक म्हणत, तो १९६६ मध्ये लंडनच्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनातून चोरीला गेला. आठवड्याभराने पिकल्स नावाच्या कुत्र्याला तो झुडपाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला. पुढे १९७० मध्ये तो ब्राझीलला कायमचा मिळाला. तेथे रिओ शहरात त्यासाठी खास कपाट केले, समोर गोळी न भेदणारी काच बसवली. मागची बाजू मात्र लाकडाची. डिसेंबर १९८३ मध्ये चोरांनी मागची फळी उचकटली आणि चषक नेला. तो आजतागायत मिळालेला नाही. आपल्याकडेही दाराला चार कड्या आणि मागच्या मोरीच्या खिडकीला एक गंजलेला गज, अशी घरे कमी नाहीत.

बँकेचा लॉकर

बरेच जण म्हणतात, विम्याची कटकट कशाला, लॉकरमध्ये ठेवू. चांगले आहे, पण लॉकर म्हणजे विमा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१ च्या अमिताभ दासगुप्ता खटल्यातील निकालानंतर रिझर्व्ह बँकेने नवे नियम केले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट एवढी आहे. भाडे २ हजार असेल तर जास्तीत जास्त २ लाख. आत दहा लाखांचे असले तरी २ लाखच. आणि पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत बँकेवर जबाबदारी नाही, तिने आवश्यक ती काळजी घेतलेली असली म्हणजे झाले.

पुराचा उल्लेख मुद्दाम केला. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत काय झाले, हे सर्वांनी पाहिले आहे. आपला जिल्हा कोरडा म्हणून निर्धास्त राहू नये. लॉकर घ्यायचाच तर शाखा सखल जागी आहे का, लॉकरची खोली तळघरात आहे का, हे पाहावे आणि सर्वांत खालचा खण टाळावा. आत काय आहे हे बँकेला माहीत नसते, म्हणून बँक त्याचा विमा उतरवत नाही. काही विमा कंपन्या लॉकरमधील वस्तूंसाठी वेगळी पॉलिसी देतात, ती विचारावी. लॉकर उघडल्याचा संदेश त्याच दिवशी मोबाईलवर येणे बँकेवर बंधनकारक आहे. मोबाईल क्रमांक बदलला असेल तर बँकेत कळवावे. वारसाचे नामनिर्देशन करावे आणि वर्षातून दोनदा तरी लॉकर उघडावा. ते बँकेसाठीही बरे आणि कागदालाही हवा लागते.

घाटावर आणि घाटाखाली

आता कपाटाकडे येतो. हा माझ्या धंद्याचा भाग असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

बुलढाणा, चिखली घाटावर. तेथे उन्हाळा सौम्य, पण पावसाळ्यात धुके आणि दमट हवा. खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास पारा. कागदाला साधारण २० अंश तापमान आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते, ती आपल्याला मिळणार नाही. पण कागदाचे खरे नुकसान गरमीपेक्षा चढउताराने होते. आज कोरडा, उद्या दमट, परवा पुन्हा कोरडा. कागद फुगतो, आकसतो आणि कार्ड होडीसारखे वाकते.

या चढउताराला आपणच मदत करतो, ती कूलर लावून. मार्चपासून जूनपर्यंत घाटाखाली प्रत्येक घरात कूलर चालतो. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. ज्या खोलीत कूलर आहे त्या खोलीतील कपाटात दिवसा दमट हवा, रात्री कूलर बंद केला की कोरडी. आम्ही रेशमी माल कूलरच्या खोलीत कधी ठेवत नाही. कार्डांचे कपाटही तेथे नको. घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, ज्या भिंतीमागे मोरी किंवा पाण्याची टाकी नाही अशा ठिकाणी ठेवावे. माळ्यावर पत्र्याखाली तर मुळीच नको, तेथे दुपारी भट्टी असते.

जमिनीवर काही ठेवू नये. गोदामात आम्ही गाठी लाकडी फळ्यांवर ठेवतो आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडतो, म्हणजे हवा फिरते आणि वाळवीची माती चढू लागली तर लगेच दिसते. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यानंतर वाळवी कोठूनही वर येते. लाकडी पेटी तिला आवडते. लोखंडी कपाट विटांवर किंवा पायांवर उभे करावे आणि दर पंधरा दिवसांनी खाली बॅटरी मारून पाहावे.

कार्ड कशात ठेवावे? स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी स्वस्त, मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटे बहुधा पीव्हीसीची असतात. काही वर्षांत ती चिकट होतात आणि छपाई उचलून नेतात. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत. ती कडक, स्वच्छ आणि बिनवासाची असतात. आधी पातळ पाकीट, मग जाड पारदर्शक खोळ. रबरबँड लावू नये, तो उन्हाळ्यात वितळून कडेला चिकटतो. चिकटपट्टी नको. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे रेशनकार्डापासून सनदेपर्यंत सर्व काही लॅमिनेट करण्याची हौस आहे. लॅमिनेट केलेल्या कार्डाची संग्राहकाच्या बाजारातील किंमत त्याच क्षणी संपते.

डांबराच्या गोळ्या कापडात आम्ही वापरतो, तेही पुरचुंडीत बांधून, मालाला न लावता. कार्डांच्या बंद डब्यात त्या टाकू नयेत, त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. कडुनिंबाचा पाला आजीच्या काळापासून चालत आला आहे, परंतु ओला पाला कागदात ठेवला तर बुरशी येते. वापरायचाच तर पूर्ण वाळवून, मलमलच्या पिशवीत, कपाटाच्या खालच्या खणात. कसरीवर खरा इलाज स्वच्छता आणि तपासणी हाच. ओलीसाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलणारे दाणे घेतले तर ओल शोषल्याचे कळते. मग ते गरम करून पुन्हा वापरता येतात. गरम करताना स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये, जुना पत्रा घ्यावा, कारण रंगासाठी त्यात रसायन असते. आषाढ-श्रावणात दर आठवड्याला पाहावे.

सही केलेली बॅट किंवा कार्ड दिवाणखान्यात फ्रेम करून लावण्याचा मोह होतो. खिडकीसमोर लावली तर दोन-चार उन्हाळ्यांत शाई फिकट होते. दुकानाच्या दर्शनी भागातील पुतळ्यावरची साडी आम्ही दर आठवड्याला का बदलतो, हे त्याचेच कारण. लावायचीच असेल तर अंधाऱ्या भिंतीवर लावावी, किंवा भिंतीवर रंगीत नक्कल आणि कपाटात असल.

साधी लोखंडी तिजोरी चोराला रोखते, आगीला नाही. लोखंड तापते आणि आतला कागद भाजून निघतो. अग्निरोधक तिजोरी वेगळी मिळते. कागदासाठी असलेल्या तिजोरीत ठरलेल्या वेळेपर्यंत, म्हणजे एक तास किंवा दोन तास, आतील तापमान सुमारे १७७ अंशांच्या वर जाऊ नये असा दर्जा असतो. विकत घेताना तो दाखला मागावा. मात्र तिच्या भिंतीत भरलेल्या मसाल्यामुळे आत ओल धरते, म्हणून सिलिका जेल तेथेही हवे.

पार्सलने कार्ड पाठवायचे तर कुरिअरच्या पावतीची मागची बाजू वाचावी. बारीक अक्षरात कंपनीच्या जबाबदारीची मर्यादा छापलेली असते आणि ती फारच थोडी असते. घराच्या पॉलिसीचे संरक्षण घराच्या चार भिंतींत आहे, रस्त्यावर नाही. किमती नगासाठी वाहतुकीचा विमा वेगळा घ्यावा. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, पाण्यापासून बचावासाठी प्लास्टिक, मग खोका. पाठविण्यापूर्वी आणि पेटी उघडताना फोटो.

विम्याबद्दल आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात शरीयतच्या दृष्टीने शंका असते, याची मला जाणीव आहे. मी आलिम नाही, त्यावर मत देणार नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. मात्र वही, फोटो, कुलूप, कपाट आणि सही घेण्याची सवय याबाबत कोणाचाच मतभेद असू नये. आणि विक्रीच्या नियतीने घेतलेली कार्डे हा तिजारतीचा माल ठरतो, तेव्हा रमजानमध्ये जकातीचा हिशोब करतानाही तीच वही लागते.

नुकसान झालेच तर जागा साफ करण्याची घाई करू नये. आधी फोटो काढावेत. चोरी असेल तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी आणि वहीतील यादी तिला जोडावी. कंपनीला लगेच लेखी कळवावे, पोच घ्यावी. भिजलेली कार्डे असतील तर पाकिटातून ओढून काढू नयेत, सावलीत पंख्याखाली वाळू द्यावीत, उन्हात नाही. सर्वेअर येईपर्यंत जळके, भिजके तुकडेही फेकू नयेत, तोच तुमचा पुरावा आहे. दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तेथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. दोन्हीकडे जाताना पॉलिसीची प्रत, प्रस्ताव अर्जाची प्रत आणि संग्रहाची वही सोबत न्यावी. प्रस्ताव अर्जाची प्रत बहुतेकांकडे नसते. ती सही करतानाच मागून घ्यावी.